बिनदाढीचा डॉलर

माझ्या जेवणाच्या टेबलावर जेवण होत नाही. मी ओट्यापाशी उभ्यानेच खाते. टेबलावर लाकडी ट्रे मांडलेले असतात, ट्रेमध्ये हिरव्या मखमलीचे गोल खळगे, आणि प्रत्येक खळग्यात एक डॉलर. म्हणजे म्हणायला डॉलर. सरकारने पाडलेला नाही, कुठल्या दुकानात चालत नाही, फक्त आकार तेवढा जुन्या चांदीच्या डॉलरचा. पूल बांधून झाला, की पाडा एक. गावाला शंभर वर्षं झाली, पाडा. निवडणुकीत एखाद्या उमेदवाराची टर उडवायची आहे, तर बशीएवढा थोराड पाडा. आमच्या देशात माणसाला आनंद झाला किंवा राग आला की तो आधी धातू वितळवतो.

नाणी जमवणारे लोक आमच्याकडे नाक मुरडून बघतात. "व्हर्ला, खरी नाणी कधी गोळा करणार?" असं मला प्रत्येक प्रदर्शनात कुणीतरी विचारतंच. मी म्हणते, खऱ्या नाण्यांवर तेच तेच चार चेहरे. माझ्याकडे टर्की पक्ष्याचा डॉलर आहे, खोकल्याच्या औषधाचा आहे, आणि एका गावाने तर पूर ओसरल्याच्या आनंदात पाडलेला आहे, त्यावर छपरावर बसलेली गाय आहे. दाखवा तुमच्यात एक गाय.

पण खरं सांगायचं तर मला गायीचं काही पडलेलं नाही. माझा जीव अडकलाय तो शेवटच्या ट्रेमधल्या कोपऱ्यातल्या रिकाम्या खळग्यात. तो खळगा आमच्याच गावाच्या डॉलरचा. नेब्रास्कातलं बिक्सल. एकोणीसशे सत्तावन्न साली गावाची शताब्दी झाली तेव्हा डॉलर पाडला होता. गावाचा संस्थापक हायरम बिक्सल, छातीवर रुळणारी दाढी. तो दाढीवाला डॉलर बिक्सलमध्ये ज्याच्या त्याच्या ड्रॉवरमध्ये सापडेल. मला हवा आहे तो त्याच्या आधीचा, नमुन्याचा, एकुलता एक. त्यावर बिक्सलला दाढी नाही. तो त्याच वर्षी नाहीसा झाला, आणि तो माझ्या बापाने चोरला असं गावाने ठरवलं.

म्हणून मी या छंदात पडले. मला वाटायचं, चोरला असेल तर कुणीतरी विकला असेल, विकला असेल तर कधीतरी कुठल्यातरी टेबलावर येईल, आणि तो ज्याच्या हातात असेल त्याच्या मानेला धरून मी विचारीन, कुठून आणलास? ओमाहापासून डेन्व्हरपर्यंत एक प्रदर्शन सोडलं नाही. नवरा म्हणायचा, तुझ्या पायाला भिंगरी आहे. शेवटी तोच गेला. भिंगरी राहिली.

माझे बाबा, एमिल कोलार, बिक्सलचे न्हावी. मुख्य रस्त्यावर दुकान, दोन खुर्च्या, एक लांबलचक आरसा. शताब्दीच्या समितीने ठरवलं की संस्थापकाच्या मानासाठी गावातल्या प्रत्येक पुरुषाने वसंतापासून सप्टेंबरच्या जत्रेपर्यंत दाढी वाढवायची. आसपासच्या सगळ्या गावांनी आपापल्या शताब्दीत हेच केलं होतं. गुळगुळीत गालाचा कुणी दिसला तर खोटे पोलीस त्याला उचलून कोर्टासमोरच्या लाकडी पिंजऱ्यात कोंडायचे, फोटो काढायचे, आणि ‘दाढी करण्याचा परवाना’ असा बिल्ला विकत घेतल्याशिवाय सोडायचे नाहीत. सगळी गंमत. न्हावी सोडून सगळ्यांची.

बाबांनी ती हसत घेतली. स्वतः मात्र दाढी वाढवली नाही. म्हणाले, "बेकरीवाल्याने पाव सोडला तर लोक काय म्हणतील?" आणि पहिल्याच आठवड्यात पिंजऱ्यात बसून आले.

समारंभाचं उद्घाटन म्हणजे रेझरची अंत्ययात्रा. खरीखुरी शवपेटी, बँडवर शोकगीत, काळा बुरखा घेतलेली एक खोटी विधवा, आणि प्रत्येकाने आपला रेझर पेटीत टाकायचा. त्या दिवशी सकाळी शेवटची दाढी करून घ्यायला दुकानात ही झुंबड. मी बारा वर्षांची. बूट-पॉलिशच्या उंच खुर्चीवर बसून कोलाचे, म्हणजे खसखस भरलेला गोड पाव, खात होते, म्हणून मला सगळं वरून दिसलं.

खुर्चीत ऑरव्हिल स्टॅम होते. हार्डवेअरचं दुकान त्यांचं, शताब्दी समितीचे अध्यक्षही तेच. तोंडाला फेस असतानाच त्यांनी कोटाच्या खिशातून तपकिरी रंगाची चपटी पेटी काढली.

"एमिल, हे बघ काय पाठवलंय त्या पूर्वेकडच्या शहाण्यांनी! तरुणपणीचा फोटो कुणी धाडला त्यांना कोण जाणे. अख्खं गाव दाढी वाढवतंय आणि ज्याच्यासाठी वाढवतंय तो असा! परत पाठवणार आहे मी."

बाबांनी तो डॉलर हातात घेतला आणि खदखदून हसले. "परत? ऑरव्हिल, अरे या गावात मला पोसणारा हा एकच माणूस उरलाय! दे की मला. आरशाशेजारी लावतो."

सगळं दुकान हसलं. ते हसणंच पुढे नडलं. दुपारी शवपेटी पुरली, त्यावर दगड बसला, ‘दीडशेव्या वर्षी उघडावी’ अशी पितळी पाटी लागली. दुसऱ्या दिवशी ऑरव्हिल स्टॅमनी सांगितलं की नमुन्याचा डॉलर सापडत नाही; मी तो एमिलच्या दुकानात काउंटरवर विसरलो.

"विसरला नाहीस," बाबा म्हणाले, "मी आरशात बघितलं. तू पेटी उचललीस आणि कोटात ठेवलीस."

पण मागितला होता कुणी? एमिलने. हसलं होतं कोण? एमिल. दाढी कोण वाढवत नव्हता? हळूहळू लोक केस कापायलाही शेजारच्या गावी जाऊ लागले. सप्टेंबरात जत्रेच्या शेवटच्या दिवशी चौकात खुर्ची मांडून सगळ्या गावाच्या दाढ्या उतरवायच्या होत्या. बाबांनी वस्तरे धार लावून ठेवले होते, पांढरा कोट कडक इस्त्रीचा. समितीने शेजारच्या गावातून न्हावी आणला. बाबा दुकानाच्या दारात तो कोट घालून उभे राहिले आणि समोर रांग सरकताना बघत राहिले. कुणी वळून पाहिलं नाही. मला त्या दिवसाची आजही तिडीक येते, आणि येतच राहावी असं मला वाटतं.

दुकान पुढच्या वर्षी गेलं. बाबा जिल्ह्याच्या इस्पितळात ऑपरेशनआधी रोग्यांची दाढी करायच्या कामाला लागले. पोटावरचे केस, छातीवरचे केस, जिथे डॉक्टर सांगेल तिथले. ऑरव्हिल स्टॅम वारले तेव्हा गावाने बागेला त्यांचं नाव दिलं. शवपेटीवरचा दगड त्याच बागेत आहे.

आता नॉरिसचं सांगते. नॉरिस स्टॅम, ऑरव्हिलचा मुलगा, शाळेत इतिहास शिकवायचा, आता निवृत्त. आमच्या नाणेमंडळाचा अध्यक्ष. त्याची माझी मैत्री जुनी. दोघांनाही असल्या वाह्यात डॉलरांचं वेड. दोघांच्या मधे एक विषय, जो कधीच निघाला नाही. माणूस चांगला. चांगल्या माणसांवर नीट रागावताही येत नाही, हा त्यांचा मोठा दोष.

दोन हजार सातच्या वसंतात मंडळ त्याच्या घरी जमलं. गावाची दीडशे वर्षं. समिती नॉरिसची, आणि पुन्हा दाढ्या. नॉरिसची पांढरी, टोकदार. आमच्या डेल्मरची विरळ, भुईमुगाच्या मुळांसारखी. डेल्मर हा मंडळाचा विदूषक. वर्षापूर्वी त्याने एक सुंदर जुना डॉलर टूथपेस्टने घासून चकचकीत केला आणि कौतुकाने दाखवायला आणला. आमच्यात यापेक्षा मोठं पाप नाही. धातूवर काळाने जी साय धरलेली असते ती एकदा गेली की गेली. मग तो डॉलर मेला. मी त्याला असं फैलावर घेतलं होतं की त्याच्या बायकोने मला फोन करून विचारलं, नक्की काय केलंय त्याने.

नॉरिसने टेबलावर सत्तावन्न सालच्या वस्तू मांडल्या होत्या. बिल्ले, लाकडी नाणी, पिंजऱ्याचे फोटो. एका फोटोत बाबा होते, गजाआडून हसणारे. तो फोटो मुद्दाम पुढे ठेवलेला. मला बरं वाटलं, खोटं का बोला.

"आणि हा आमच्या बाबांचा रेझर," नॉरिस म्हणाला. "मरेपर्यंत याच रेझरने दाढी केली त्यांनी. अग्निशमन दलाने भेट दिला होता. हे बघा, मुठीवर नाव."

डेल्मर म्हणाला, "वा! घासून देऊ का?"

सगळे हसले. मी हसले नाही. तपकिरी चपटी पेटी. मुठीवर कोरलेलं नाव. माझ्या डोळ्यांसमोर शवपेटी उभी राहिली, आणि तिच्यापुढे ऑरव्हिल स्टॅम, गुळगुळीत गालाचे, पेटी उंच धरून भाषण ठोकताहेत: अग्निशमन दलातल्या माझ्या भावांनी दिलेला हा रेझर, माझी सगळ्यात लाडकी वस्तू, मी सर्वांत आधी बिक्सलच्या चरणी अर्पण करतो. आणि पेटीसकट आत. वर्तमानपत्रात फोटो आला होता.

मग तो रेझर इथे, टेबलावर, काय करत होता?

आणि जर रेझर इथे असेल, तर त्या दिवशी पेटीतून आत काय गेलं?

मी नॉरिसकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता. मग त्याने रेझर पेटीत ठेवला, झाकण लावलं आणि म्हणाला, "कॉफी कुणाकुणाला?"

त्यानंतर मला चैन पडेना. ट्रे काढायचे, ठेवायचे, पुन्हा काढायचे. भाजी चिरायला घेतली की सुरी तशीच ठेवून गाडी काढायची आणि बागेला चक्कर मारून यायचं, जणू तो दगड उठून कुठे जाणार होता. एकदा त्या पाटीवर पाय ठेवून उभीच राहिले, तर माळी म्हणाला, "बाई, काही हरवलंय का?" मी म्हटलं, हो.

बाबांना सांगावं की नाही? ते नव्वदी ओलांडलेले, गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात. नजर गेल्यात जमा, कान मात्र चोराचे. मी रविवारी जाते. त्यांची सवय अशी की कुणीही जवळ आलं की ते आधी त्याच्या गालावरून उलटा अंगठा फिरवणार. पुरुष असेल तर म्हणणार, "हनुवटीखाली राहिलंय."

"बाबा," मी विचारलं, "तो डॉलर शेवटी कुठे गेला असेल हो?"

"ऑरव्हिलच्या खिशात."

"आणि तिथून?"

"मला काय ठाऊक? आरसा दुकानात होता. त्याच्या खिशात नव्हता." मग म्हणाले, "तू अजून तेच घेऊन बसलीस का?"

"तुम्ही नाही बसलात?"

त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. मग ते म्हणाले, "इस्पितळात लोक गुंगीत असायचे. एकानेही कधी सांगितलं नाही, एमिल, छान झाली."

मी गाडीत बसून स्टिअरिंगवर हात आपटला. शवपेटी जत्रेच्या पहिल्या दिवशी उघडायची होती, सप्टेंबरात. बाबांनी तोवर जगायला हवं. मी रोज सकाळी आश्रमाला फोन करून त्यांनी नाश्ता केला का विचारायला लागले. तिथली नर्स वैतागली. "व्हर्ला, ते तुमच्यापेक्षा ठणठणीत आहेत. तुम्ही नाश्ता केलात का?"

ऑगस्टमध्ये गावच्या वर्तमानपत्रात बातमी आली. बागेत नवीन पाण्याचे नळ टाकलेले असल्याने शवपेटी उकरणं सोयीचं नाही. त्याऐवजी दगडाला पुष्पचक्र वाहण्यात येईल. समितीचे अध्यक्ष, नॉरिस स्टॅम.

मी पायातल्या सपाता न बदलताच निघाले. नॉरिस गॅरेजमध्ये होता, जत्रेच्या फलकाला रंग देत.

"नळ?" मी म्हटलं. "नळ आडवे आले का तुझ्या?"

"व्हर्ला, आधी बस."

"मी नाही बसणार! गेल्या वसंतापासून बसलेली नाही मी! तुझ्या बापाने रेझर पुरला असं अख्ख्या गावासमोर सांगितलं आणि जन्मभर त्याच रेझरने दाढी केली. तुला काय वाटलं, मला आठवत नसेल?"

"आठवतंय ते कळलं मला," तो हळू आवाजात म्हणाला. "तू त्या रेझरकडे बघितलंस ना, तेव्हाच माझ्याही डोक्यात प्रकाश पडला. त्याआधी नाही. शपथ. मी तिथेच होतो त्या दिवशी, ते भाषण मीही ऐकलं. आणि रोज सकाळी बाथरूममध्ये तो रेझर बघत मोठा झालो. दोन्ही एकत्र कधी जोडलंच नाही. कोण जोडतं गं, आपल्या बापाचं?"

"दोन सारख्या पेट्या, एकच खिसा. चुकून गेली हे मलाही कळतं. पण रात्री कोट काढल्यावर रेझर हाताला लागला असेलच ना? तेव्हा कळलं असेल ना त्यांना?"

"लागला असेल."

"मग तोंड का शिवलं त्यांनी?"

नॉरिसने ब्रश खाली ठेवला. "एवढी अंत्ययात्रा, बँड, विधवा, फोटो. दुसऱ्या दिवशी जाऊन कसं सांगायचं की पेटी उकरा, मी गाढव आहे? पहिल्या दिवशी लाज वाटली असेल. आठवड्याने जास्त वाटली असेल. मग दुकान बंद झालं, आणि मग तर बोलायची सोयच उरली नाही."

"त्यांची लाज वाचली आणि माझ्या बापाचं दुकान गेलं."

"हो."

त्या ‘हो’ने मला जास्तच राग आला. भांडायला समोर भिंत हवी असते. हा माणूस उशीसारखा.

"बागेला नाव आहे त्यांचं," नॉरिस म्हणाला. "नगरभवनात तसबीर आहे. माझी नातवंडं त्या बागेत खेळतात, व्हर्ला."

"माझ्या बापाला नातवंडं नाहीत. एक मी आहे आणि एक रिकामा खळगा." मी फाटकापर्यंत गेले आणि परत आले. "पेटी उघडली नाहीस तर मी फावडं घेऊन येईन. या सपाता घालून येईन. पिंजऱ्यात टाका मग मला."

पुढे सप्टेंबरपर्यंत आम्ही बोललो नाही. मंडळाच्या बैठकीला मी गेले नाही. वर्तमानपत्र रोज उघडायची, तर जत्रेतल्या भोपळ्यांच्या स्पर्धेचे नियम. पुष्पचक्राची ती बातमी दुरुस्त झाली नाही. मी गॅरेजमधून खरंच फावडं काढून गाडीत ठेवलं.

जत्रेच्या पहिल्या दिवशी सकाळी बाबांना चाकाच्या खुर्चीत बसवून बागेत नेलं. गवतावर सगळं गाव, सगळे दाढीवाले. नॉरिस पुष्पचक्र हातात घेऊन दगडाशी उभा. त्याने भाषणाला सुरुवात केली, संस्थापक, परंपरा, वगैरे, आणि मधेच थांबला. चक्र गवतावर ठेवलं. माझ्याकडे बघून म्हणाला, "व्हर्ला, फावडं आणलंयस ना? दे इकडे. आमच्यातल्या कुणालाच आठवलं नाही आणायचं."

लोक हसले. त्यांना वाटलं ठरवून केलंय.

नळाला काही झालं नाही. नळ त्या बाजूला नव्हताच. डेल्मरने आणि दोन तगड्या गड्यांनी दगड सरकवला. पेटी कुजलेली होती. फळ्या हातात चुरा होऊन आल्या. आत पाणी शिरलेलं, रेझरांचा एकच गंजलेला गोळा झालेला. नॉरिस गुडघ्यांवर बसून चिखलात हात घालत होता. सगळ्यात आधी टाकलेलं सगळ्यात तळाशी असणार. त्याला ते माहीत होतं, आणि त्याने मधलं काहीच नीट बघितलं नाही. शेवटी ती चपटी पेटी निघाली. म्हणजे पेटीचा लगदा. त्याने तो बोटांनी उलगडला. आत काळाहिरवा गोल.

नॉरिस उभा राहिला. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाची. "हा नमुन्याचा डॉलर आहे," तो म्हणाला. आवाज वर्गातला, मागच्या बाकापर्यंत जाणारा, पण मधे फाटला. "हा माझ्या वडिलांनी इथे टाकला. रेझर समजून. त्याच रात्री त्यांना कळलं, आणि ते बोलले नाहीत. एमिल कोलारनी तो घेतला नव्हता. कधीच घेतला नव्हता."

मी मोठं भाषण तयार केलं होतं, वसंतापासून आरशासमोर म्हणत होते. एक शब्द आठवला नाही.

नॉरिसने खिशातून सुती हातमोजे काढले, आम्ही वापरतो ते, आणि डॉलरसोबत माझ्यापुढे धरले. "घे. तुझ्या खळग्यासाठी."

चाळीस वर्षं ज्याच्यामागे धावले तो हातभर अंतरावर होता. कडा शाबूत होती, ते मी पहिल्या नजरेत बघितलं. देवा, अशा वेळीही आधी कडाच बघितली. मी तो घेतला आणि बाबांच्या तळहातावर ठेवला.

"काय आहे?" बाबा म्हणाले.

"तो. बिनदाढीचा."

त्यांनी डोळ्यांशी नेला. "काही दिसत नाही. नुसता चिखल." आणि सरळ त्यावर थुंकून अंगठ्याने खसाखसा घासायला लागले.

"एमिलकाका, नको!" डेल्मर किंचाळला. डेल्मर! "घासू नका! मरेल तो!"

एकुलता एक. माझाही हात पुढे गेला. मग मी गळ्यातला रुमाल सोडला आणि त्याचं टोक बाबांच्या हातात दिलं. "याने घासा. अंगठ्याने नीट निघत नाही."

बाबा घासत राहिले. आधी नाक आलं, मग कपाळ, मग गाल, तांबूस आणि चकचकीत. त्यांनी अंगठा उलटा धरून हायरम बिक्सलच्या गालावरून फिरवला, खालून वर, जसे आयुष्यभर फिरवत आले.

"छान झालीय," ते म्हणाले.

मी रडले. हे लपवण्यासारखं नाही. सगळ्या गावाने बघितलं.

नॉरिस खुर्चीपुढे खाली बसला होता. बाबांचा हात सवयीने त्याच्या दाढीकडे गेला. "ही कोण शेळी?"

"नॉरिस, काका. ऑरव्हिलचा."

हात तिथेच थांबला. मला वाटलं, आता मारतात की काय. मारलं असतं तर मी अडवलं नसतं.

"काका," नॉरिस म्हणाला, "शेवटच्या दिवशी चौकात खुर्ची मांडायचीय. न्हावी ठरवलेला नाही. पहिली दाढी माझी. तुमच्या हातची."

"अरे, माझा हात थरथरतो."

"थरथरू दे."

"वस्तरा आहे, बाळा. खेळणं नाही."

"माहीत आहे मला."

शेवटच्या दिवशी मी पांढऱ्या कोटाला कडक इस्त्री केली. चौकात रांग लागली होती आणि रांगेच्या तोंडाशी खुर्चीत नॉरिस, मान मागे टाकून, डोळे उघडे. मी बाबांना कंबरेला धरून उभं केलं. हात थरथरत होता. वस्तरा गालाला लागला तरी थांबला नाही. हनुवटीपाशी कापलं, मग जबड्याखाली कापलं. फेस गुलाबी झाला. बघायला जमलेल्या बाया तोंडावर हात घेऊन बघत होत्या. नॉरिस हलला नाही.

झाल्यावर बाबांनी अंगठा फिरवला. "खाली जरा राहिलंय," म्हणाले. पण थकले होते. मी त्यांना बसवलं. त्यांनी कोटाच्या खिशातला डॉलर चाचपून बघितला. तो आता तिथेच असतो. येता-जाता चोळून चोळून बिक्सलचं नाकही झिजत चाललंय.

नॉरिसने आरसा मागितला नाही. डेल्मरने कापसाचे बोळे दिले, ते त्याने जखमांवर चिकटवले आणि उठला. दुपारी घरी जाऊन तोंड धुवायला मी सांगितलं, तर ऐकेना. दिवसभर तो तसाच, हनुवटीला कापूस लावून गावभर हिंडला. बापाच्या नावाच्या बागेतूनसुद्धा.